थेंबुलीचा कडा

असं समजा, की तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी पंगतीला बसला आहात. पौषातली दुपार आहे. पाठीवर ऊन गोड लागतंय. पुढ्यात पळसाच्या पानांची पत्रावळ, पत्रावळीत कुस्करलेली बाजरीची भाकरी, आणि वाढपी येऊन तिच्यावर आमटीची पळी ओततो. लाल तवंगाची, लसणाचा वास सुटलेली आमटी. बघता बघता ती भाकरीच्या चुऱ्यात मुरते. वरून दिसेनाशी होते, पण कुठे गेलेली नसते. चुऱ्यातच असते.

दिसली ना पत्रावळ? आता तिला हात लावायचा नाही. ती आपल्याला पुढे लागणार आहे. भूक लागली तरी थोडा धीर धरा. हन्नानेसुद्धा त्या दिवशी घास घेतला नव्हता.

हन्ना ही कडावाडीच्या दानीएल मास्तरांची मुलगी. कडावाडी म्हणजे पाथर्डीच्या बाजूला, गर्भगिरीच्या डोंगरांत अंग चोरून बसलेली लहानशी वाडी. दुसरं महायुद्ध नुकतं संपलेलं होतं आणि त्या वर्षी पावसाने हात आखडता घेतला होता.

वाडीच्या डोक्यावर एक कडा होता. त्याच्या कमरेला दोन वीत रुंदीची तांबडी पट्टी गेलेली, जणू कुणी लांबलचक हात करून गेरूचं बोट ओढत नेलं असावं. पट्टीच्या वर करडा, भोकाभोकांचा खडक. पट्टीच्या खाली काळा, उभ्या भेगांचा खडक. आणि पट्टीच्या बरोबर वरच्या कडेने पाणी पाझरायचं. एका खोबणीत ते गोळा होई आणि धार होऊन खालच्या कुंडात पडे. तोच वाडीचा झरा. शेजारी शेंदूर लावलेले सात दगड होते, त्या साती आसरा, पाण्याच्या राखणदारणी. तिथे पायात वहाण घालून कुणी जात नसे.

कुंडं दोन होती. वरच्या कुंडावर वाडी पाणी भरी, आणि त्यातून ओसंडलेलं पाणी खालच्या कुंडात येई. ते ख्रिस्ती वस्तीचं. त्या काळी असं चाले. ते बरोबर नव्हतं, पण ते झाकून ही गोष्ट सांगता येणार नाही. त्या वर्षी वरचं कुंड ओसंडायचंच थांबलं होतं. हन्ना आणि तिच्या वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन बसून राहत, आणि वरून कुणाला दया आली की घागरीत पाणी पडे.

अशी बसून असतानाच हन्नाला थेंबुली सापडली.

थेंबुली हे नाव हन्नानेच ठेवलं. तांबूस, नाजूक, बोटभर उंचीचं रोप. पानं काडीसारखी बारीक, त्यांवर केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चमकता थेंब. सकाळचं दव ऊन चढलं की उडून जातं, हे थेंब भर दुपारीही तसेच. एक चिलट येऊन थेंबावर बसलं आणि उठेचना. हन्ना बघत राहिली. हळूहळू, अगदी हळूहळू, पान त्या चिलटाभोवती वळलं.

ती धावत घरी गेली. "बाबा! कड्यावर एक झाड माशी खातंय!"

दानीएल मास्तरांची एक खोड होती. विचारलेल्या गोष्टीचं उत्तर ते लगेच देत नसत. "का खातं?" त्यांनी विचारलं.

"भूक लागते म्हणून."

"मग बाभळीला नाही लागत भूक?"

हन्ना दोन दिवस कधी बाभळीजवळ, कधी थेंबुलीजवळ जाऊन बघत होती. तिसऱ्या दिवशी दळण निवडता निवडता म्हणाली, "बाबा, बाभळीची मुळं मातीत आहेत. थेंबुली दगडावर उभी आहे. तिला पाणी मिळतं, पण माती नाही, खत नाही. जे मातीत मिळत नाही ते ती माशीतून घेते."

"शाबास. मग ती मातीत राहायला का येत नाही?"

याचं उत्तर हन्नाने करून बघितलं. एक रोप अलगद काढलं आणि अंगणात, शेणखत घातलेल्या काळ्या मातीत लावलं. पाणीही घातलं. रोप मेलं. हन्नाला रडू आलं. मग तिने ठरवलं, की आता रोप उपटायचं नाही. फुलं येऊन गेली, शेंगुळ्या वाळल्या, तेव्हा त्यांतलं काळ्या धुळीसारखं बी तिने एका फडक्याच्या टोकात गाठ मारून ठेवलं.

"तिला ओला दगडच लागतो," ती म्हणाली. "पण तिथलाच का? कडा तर केवढा मोठा आहे!"

"ते मला ठाऊक नाही, बाळ," मास्तर म्हणाले. "पण ती तांबडी पट्टी कशी झाली एवढं सांगतो. फार फार पूर्वी इथे जमिनीतून तापलेला खडकाचा रस वाहत आला आणि थिजला. त्यावर माती साठली. पुढे रसाचा दुसरा लोंढा आला आणि त्याने ती माती विटेसारखी भाजली. तीच ही गेरूची पट्टी. दोन खडकांच्या मधली, भाजलेली, चिकट माती. आता थेंबुली तिथेच का, हे तू बघ आणि मला सांग."

हन्ना ते बघणार, इतक्यात रंगनाथ आला.

रंगनाथ हा सुरुंग लावणारा. रस्त्यांच्या कामावर डोंगर फोडून हात बसलेला. खांद्यावर पहार, गाढवावर सुरुंगाच्या दारूचा डबा, आणि तोंडाने सतत थट्टा. त्याला बोलावलं होतं वाडीच्या कारभाऱ्याने, सूर्यभान आबांनी. आबा सकाळ-संध्याकाळ कुंडाच्या कडेला उभे राहून ती दोऱ्यासारखी धार बघत, आणि त्यांचा जीव तुटे.

"तोंड बारीक हाय म्हनून धार बारीक हाय," आबा चावडीवर म्हणाले. "झऱ्याचं तोंड मोठं करायचं. आत डोंगरात लई पानी हाय, वाट सापडंना झालीय त्याला."

"एक बार उडू द्या, आबा," रंगनाथ म्हणाला. "पानी असं भाईर यील, की तुमाला पवायला शिकाया लागंल."

सगळे हसले. ठरलं. शुक्रवारी आसरांना भंडारा, वाडीला आमटी-भाकरीचं जेवण, आणि जेवण उरकल्यावर बार.

बुधवारी रंगनाथने खोबणीच्या वरच्या बाजूला सुरुंगाचं भोक पाडायला घेतलं. पहार उचलायची, आपटायची, फिरवायची. दिवसभर ठण्‌ ठण्‌ चाललं होतं. संध्याकाळी पहारीच्या टोकाला तांबडा चिखल लागून आला.

"लोनी लागलं की!" रंगनाथ खूश झाला. "मऊ हाय. हितनं फुडं आजून हातभर खाली जातो, मंग खडक कसा मोकळा हुतो बगा." आणि अंधार पडायच्या आत तो हातभर खाली गेलासुद्धा.

गुरुवारी सकाळी हन्ना नेहमीसारखी थेंबुलीकडे गेली, आणि जागीच थबकली.

भोकाच्या खालच्या अंगाची सगळी रोपं कोरडी होती. एकाही केसाच्या टोकाला थेंब नव्हता. ऊन अजून कड्यावर आलंही नव्हतं. खडकाला तिने हात लावला. काल गार, बुळबुळीत असलेला दगड आज नुसता गार होता. ती पाच-सात पावलं सरकली. तिथल्या थेंबुल्या मात्र जशाच्या तशा चमकत होत्या.

"काय गं, काय बगतीस?" मागून पुष्पावती आली. पुष्पावती आबांची नात, हन्नाच्या वर्गातली. दोघींची गट्टी कुंडाच्या कडेला जमलेली, एक वर, एक खाली.

"पुष्पे, कालच्या भोकाने पाणी पळवलंय."

"भोक कुटं पानी पळवतं? खुळी का काय!"

"मग चल माझ्याबरोबर. ही तांबडी रेघ धरून चालायचं. जिथं जिथं थेंबुली असेल तिथं सांग."

दोघी निघाल्या. कड्याच्या कमरेने जाणारी शेळ्यांची वाट होती, ती पट्टीला लगटूनच जाई. आणि मग त्या मुलींना जे दिसलं ते इतके दिवस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असून कुणीच बघितलं नव्हतं. थेंबुली, शेवाळ, हंसराज नेच्याची झालर, सगळं हिरवं त्या तांबड्या रेघेच्या वरच्या काठावर ओळीने बसलं होतं. रेघेच्या खाली काहीच नाही. रेघ वर चढली की हिरवी ओळही वर चढे. रेघ खाली आली की ओळही खाली येई.

मग एका वळणावर ओळ तुटली. तिथे रेघेत मोठं भगदाड होतं आणि भगदाडाच्या आसपास सगळं खडखडीत.

"ही गेरूची खान," पुष्पावती म्हणाली. "दिवाळीला भिताडाला लावायला, पोळ्याला बैलं रंगवायला समद्या बाया हितनंच गेरू नेतात. आमची आजीबी न्यायची."

भगदाडाशी छबूबाई बसली होती. वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई. भंडाऱ्यासाठी आसरांचा ओटा सारवायला तीही गेरूच उकरत होती.

"छबूआजी," हन्नाने विचारलं, "इथे कधी पाणी होतं का हो?"

"हुतं की! मी नवी नवरी आले तव्हा हितंबी धार हुती. हातपाय हितंच धुयाचो आमी. मंग आटली. आसरा रुसल्या म्हनत्यात."

"आणि हे झाड? थेंबाथेंबाचं?"

छबूबाईने डोळे बारीक केले. "आगं व्हय! माजी पोरं त्याला दवाचं गवत म्हनायची. कुटं गेलं कुनास ठाव."

"धार आटली ती गेरू काढायच्या आधी का नंतर?"

म्हातारीचा हात थांबला. हातातलं तांबडं ढेकूळ तिने उलटंपालटं करून बघितलं. "नंतर," ती हळूच म्हणाली. "आमी लई खोल गेलो, त्याच्या नंतर."

हन्ना घराकडे पळत सुटली. धापा टाकत तिने मास्तरांना सगळं सांगितलं. "बाबा, गेरू म्हणजे तळ आहे! वरचं पाणी भोकाभोकांच्या खडकातून खाली येतं आणि गेरूवर अडतं. खाली जाता येत नाही म्हणून आडवं चालतं आणि कड्याबाहेर येतं. तळच फोडला तर पाणी खालच्या भेगांत निघून जाईल. मग झरा नाही, थेंबुली नाही, कुणाचंच कुंड नाही!"

मास्तर उठले. मग टोपी घालून ते तसेच आबांकडे गेले.

आबांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. पण मनात एकच गोष्ट धरून बसला होता. "मास्तर, तुमी शाळा बगा. डोंगर आमी बगतो. ल्हान पोरीच्या सांगन्यावरनं दारू भिजवू का मी?"

"निदान आठ दिवस थांबा, आबा."

"रंगनाथाला बाजाराच्या दिशी फुडच्या कामावर जायाचंय. आन्‌ पान्याला आठ दिस हायेत का आमच्या? जावा आता. उद्या जेवायला या, पोरीलाबी आना."

मास्तर परत आले तेव्हा हन्ना दारातच उभी होती. त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि नकारार्थी मान हलवली.

शुक्रवार उजाडला. कड्याखाली चुली पेटल्या, हंडे चढले. भोकात ठासायची दारू रंगनाथने पाटावर वाळत घातली होती आणि पोरांना जवळ फिरकू देत नव्हता. दुपारी पंगत बसली. वाडीची पंगत कुंडाशेजारी, ख्रिस्ती वस्तीची पंगत थोडी अलीकडे, बाभळीखाली. आमटीची बादली आधी तिकडे फिरली, मग इकडे आली. हन्नाच्या पत्रावळीत पळी पडली. वाफ तोंडावर आली. तिने घास घ्यायला हात पुढे केला.

आणि हात तसाच राहिला. आमटी मुरत होती. भाकरीच्या चुऱ्यात, भोकाभोकांतून, खाली, खाली, आणि पानावर येऊन थांबत होती.

आता तुमची पत्रावळ पुढे घ्या. काय दिसतंय? भाकरीचा चुरा म्हणजे तो करडा खडक. आमटी म्हणजे पावसाचं मुरलेलं पाणी. आणि ते पळसाचं पान म्हणजे? बरोबर. हन्नालाही तेच दिसलं.

ती पत्रावळ दोन्ही हातांवर घेऊन उठली.

"हन्ना, कुठे चाललीस?" मास्तरांनी विचारलं. पण उत्तराची वाट न बघता त्यांनीही पाय आवरून तिला वाट दिली.

दोन पंगतींच्या मधे रिकामी जागा होती. ती ओलांडून कुणी जात नसे. हन्ना ती ओलांडून सरळ आबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"आबा, माझ्या पत्रावळीतून आमटी गळते का?"

आबा गोंधळले. "न्हाई."

"का नाही गळत?"

"खाली पान हाय म्हनून!" आबांच्या शेजारी बसलेली पुष्पावती ओरडली.

"आता बघा." हन्नाने पत्रावळ एका हातावर तोलली आणि खालून बोटाने पानाला टचकन भोक पाडलं. आमटीची धार लागली. पिवळी-लाल धार, तिच्या मनगटावरून, कोपरावरून मातीत. थोड्याच वेळात वरचा चुरा कोरडा पडला.

"पान म्हणजे गेरू, आबा. तोंड मोठं करायला म्हणून तुम्ही पानच फोडताय."

पंगतीत कुणी "आगाऊ कार्टी" म्हणालं, कुणी "अन्नाची नासाडी" म्हणालं. सूर्यभान आबा आपल्या पत्रावळीकडे बघत होते. मग सगळ्या वाडीदेखत त्यांनी ती उचलली आणि खालून अंगठा घातला.

आमटी थेट त्यांच्या पांढऱ्या धोतरावर.

पंगत फुटली हसून. छबूबाईला तर ठसका लागला. आबाही हसले, पण लगेच गंभीर झाले. "रंगनाथ," त्यांनी हाक मारली, "ही पोरगी म्हनती ते खरं हाय का रं?"

रंगनाथने मिशी पुसली. "आबा, आमटी ती आमटी, डोंगर तो डोंगर. पत्रावळीवरनं कुटं सुरुंगाचा हिशेब लागतो का?"

"मग काका, तुमच्या भोकात पाणी ओता," हन्ना म्हणाली.

"काय?"

"खाली पक्का खडक असेल तर भोक भरेल. भरलं तर मी परत जाऊन मुकाट्याने बसेन. पण नाही भरलं, तर तुमच्या पहारीने पान फुटलंय."

रंगनाथने पत्रावळ बाजूला सारली. मग पहिल्यांदा थट्टा न करता म्हणाला, "ह्ये बराबर बोलली."

पण पाणी द्यायचं कुणी? त्या दिवसांत घागरभर पाणी म्हणजे घागरभर पाणी. पंगतीतले लोक एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात छबूबाई कंबर धरून उठली आणि आपली भरलेली घागर पुढे केली. "माजी घे."

सगळी वाडी कड्यापाशी गोळा झाली. ते भोक केवढं? मनगट जाईल एवढं. लोटाभर पाण्याने भरायला हवं होतं. रंगनाथने घागर कलती केली. पाणी आत गेलं. त्याने आणखी ओतलं. आत कुठेतरी खोल गटगट आवाज झाला, तहानलेला बैल पितो तसा. झऱ्याची धार तसूभर वाढली नाही. कुंडात एक जादा थेंब पडला नाही. घागर रिकामी झाली, आणि भोक रिकामंच.

रंगनाथने रिकामी घागर खाली ठेवली. भोकाला कान लावला. मग सरळ होऊन म्हणाला, "आबा, मी लई डोंगर फोडले. आज पयल्यांदा डोंगर पानी पिताना ऐकला." तो पाटाकडे गेला आणि वाळत घातलेली दारू परत डब्यात भरू लागला.

मग आबांनी हन्नाला विचारलं, आणि तिला विचारताना ते पंगतीतल्या बरोबरीच्या माणसाला विचारावं तसं विचारत होते, "पोरी, फुटलं ते फुटलं. आता काय करायचं?"

"पत्रावळ फाटली तर तुम्ही काय करता, आबा?"

"दुसरं पान लावतो खाली."

"मग लावू या की!"

त्या दुपारी कडावाडीत जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. घर सारवायला, बैल रंगवायला नेलेला गेरू घराघरांतून परत यायला लागला. सुपातून, टोपल्यातून, पदरातून. बायकांनी त्यात चिकण माती मिसळली आणि परकर-लुगडी खोचून चिखल तुडवला. पुष्पावती आणि हन्ना एकाच खड्ड्यात नाचत होत्या, गुडघ्यापर्यंत तांबड्या. पहिला गोळा रंगनाथच्या भोकात गेला. तो त्याने स्वतः ठासला, ज्या दांड्याने दारू ठासायचा त्याच दांड्याने.

"आयुष्यात पयल्यांदा भोक बुजवतोय," तो म्हणाला. "कुनाला सांगू नगा, धंदा बसंल माजा."

मग सगळे गेरूच्या खाणीकडे वळले. ते काम मोठं होतं. आधी भगदाडाच्या तळाच्या भेगा दगडांनी बंद केल्या, मग वीत वीत चिखल घालून धुमसाने ठोकून घट्ट केला. दिवस मावळला तरी हात थांबले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे हजर.

भोकाखालच्या थेंबुल्या बाजाराच्या दिवसाआधीच सावरल्या. एका सकाळी हन्नाने बघितलं, तर केसाकेसाच्या टोकाला थेंब आणि एका थेंबावर चिकटलेलं ताजं चिलट. ती ओरडली ते खालच्या चुलीपर्यंत ऐकू गेलं. भोक पाडल्यापासून जरा बारीक झालेली खोबणीतली धारही पहिल्यासारखी झाली होती. बाजाराच्या दिवशी रंगनाथने गाढवावर डबा चढवला, मग पुन्हा उतरवला. "जातो चार दिस उशिरा," तो म्हणाला. "त्या खानीत पानी येतंय का, ते बगितल्याबिगर झोप यायची न्हाई मला." आणि बसल्या बसल्या त्याने छिन्नी घेतली. गेरूला कुठेही धक्का न लावता, त्याच्या वरच्या खडकात त्याने बोटभर खोल पन्हळ कोरली, कड्याच्या कडेकडेने वाया जाणारं पाणी एकत्र आणणारी. खाणीच्या खाली दगड रचून एक नवं कुंडही बांधलं.

खाण मात्र कोरडीच होती. रोज लोक येत, खडकाला हात लावत आणि परत जात. आबा तर आसरांच्या ओट्यावरच मुक्कामाला होते. "यील," ते म्हणत. "लांबनं चालत येतंय ते."

एका सकाळी हन्ना आणि पुष्पावती पोचल्या तेव्हा खाणीवरच्या करड्या खडकाचा रंग बदललेला होता. हन्नाने तळवा टेकवला. गार. बुळबुळीत. ती काही बोलणार, तेवढ्यात भोकाभोकांच्या खडकातून एक थेंब फुगला, नव्या गेरूवर उतरला, चाचपडला, खाली जायला वाट सापडेना म्हणून आडवा सरकला आणि पन्हळीत पडला. मागोमाग दुसरा. मग तिसरा. मग मोजायला कुणाला सवड राहिली?

"आबाऽऽ! पानी आलंऽऽ!" पुष्पावती किंचाळली.

वाडी धावत आली. रंगनाथने टोपी आकाशात उडवली, ती बाभळीत अडकली, आणि कुणीही ती काढायला गेलं नाही. छबूबाई खडकाला गाल लावून उभी राहिली, नव्या नवरीच्या दिवसांतल्या धारेला भेटावं तशी. मास्तर लांबून हन्नाकडे बघत होते. "थेंबुली तिथेच का?" याचं उत्तर आज सगळ्या वाडीसमोर टपटपत होतं.

दुपारपर्यंत नव्या कुंडात घागरभर पाणी जमलं. नव्या पाण्याची पहिली घागर आसरांना, आणि ती वाडीतल्या सगळ्यांत वडील बाईने घालायची, अशी रीत. छबूबाईने घागर भरली, सात दगडांवर पाणी घातलं, परत आली, आणि रिकामी घागर हन्नापुढे धरली.

"आता तू भर."

सगळे हन्नाकडे बघू लागले. मग आबांचा आवाज आला. "बगता काय? पोरगी भरंल, मंग आपली पाळी. ह्या कुंडाला वरचं-खालचं न्हाई." जुन्या कुंडांची रीत मोडायला आणखी बरीच वर्षं लागली. पण या नव्या कुंडावर तिची आठवण कुणी काढली नाही.

हन्नाने घागर भरली. काठोकाठ भरली आणि पुष्पावतीच्या हातात दिली. मग तिने परकराला खोचलेलं फडकं काढलं, दातांनी गाठ सोडली, तळहातावर काळ्या धुळीसारखं बी घेतलं, आणि तांबड्या रेघेच्या बरोबर वर, जिथे खडक नुकता ओला झाला होता, तिथे हलकेच फुंकर मारली.